पिछाडीचे अभय

सोलापूरची गड्ड्याची यात्रा सरून होम मैदानावरील पाळणे उतरवले जात होते, त्याच सुमारास, म्हणजे 30 जानेवारी 2025 रोजी, पोकेमॉन ट्रेडिंग कार्ड गेम पॉकेट या मोबाइलवरील पत्त्यांच्या खेळात नव्या पत्त्यांचा संच दाखल झाला. आणि त्यातील सायरस नावाच्या एका पत्त्याने, तीन महिने मी परिश्रमपूर्वक बांधीत आणलेली खेळाची सारी मसलत दोन दिवसांत मोडून टाकली.

दिवाणी न्यायालयाच्या दप्तरात ज्याचे अवघे आयुष्य गेले त्या मला हा खेळ शिकवला तो माझ्या नववीतल्या नातीने. शुक्रवार पेठेतील आमच्या घराच्या माडीवर, माणिक चौकाकडील रहदारीचा आवाज जरा मंदावला की, ती पलंगावर आणि मी खिडकीजवळच्या खुर्चीत, असे आमचे डाव रंगतात. प्रत्येकाजवळ अवघे 20 पत्ते, एका नावाचे फार तर दोन. एक योद्धा आघाडीवर लढतो, जास्तीत जास्त तीन पिछाडीस बसतात, आणि आधी 3 गुण मिळवील त्याचा जय. साधा योद्धा पडला तर प्रतिपक्षास एक गुण, ‘ईएक्स’ बिरुदाचा मातब्बर पडला तर दोन.

आघाडीवरचा घायाळ झाला की त्याच्या अंगची ऊर्जा खर्चून त्याला मागे न्यावे आणि ताज्या दमाचा पुढे करावा, हा शिरस्ता. त्याला पुन्हा बाहेर काढण्याजोगा त्या वेळी रुळलेला पत्ता म्हणजे सब्रीना. परंतु तिच्या हुकमाने समोरचा योद्धा मागे जातो एवढेच, त्याच्या जागी कोणाला उभे करायचे याची मुखत्यारी ज्याची त्याच्याकडेच राहते. सबब पिछाडी म्हणजे अभय, असे मी गृहीत धरून चाललो होतो.

1 फेब्रुवारीचा शनिवार होता. माझ्या म्यूटू ईएक्सने 150 चा प्रहार करून नातीचा पिकाचू ईएक्स पाडला होता, मला 2 गुण मिळाले होते आणि तिच्या पदरी एकच होता. त्या प्रहारात म्यूटूच्या चार ऊर्जांपैकी दोन खर्ची पडल्या. इतक्यात तिने दुसरा पिकाचू पुढे आणून 90 चा तडाखा दिला, आणि 150 पैकी 60 एवढेच प्राण शिल्लक असलेल्या माझ्या म्यूटूला मी उरलेल्या दोन ऊर्जा मोजून मागे घेतले व किर्लियाला पुढे केले. किर्लिया पडली तरी तिचे दोनच गुण होणार होते.

“आबा, हे वाचा आधी,” असे म्हणून तिने पत्ता टाकला. प्रतिपक्षाच्या पिछाडीस बसलेल्यांपैकी ज्याच्या अंगावर जखम आहे अशा कोणाही एकाला आघाडीवर आणावे, एवढाच त्याचा मजकूर. म्यूटू पुढे ओढला गेला, 90 चा दुसरा तडाखा बसला आणि डाव संपला.

त्या रात्री मला झोप लवकर आली नाही, आणि पराभवापेक्षा त्या मजकुराचाच विचार मनात घोळत राहिला. न्यायालयात आयुष्य काढल्यामुळे असेल, पण मला तो पत्ता हजर करण्याच्या वॉरंटासारखा वाटला: सब्रीना नुसते जा म्हणते, सायरस नाव घेऊन हजर करतो. मात्र वॉरंटाला जशी पुराव्याची अट, तशी त्याला जखमेची अट आहे. आणि खेळ फिरला तो या अटीमुळे. ग्रेनिंजा हा योद्धा प्रत्येक पाळीत समोरच्या कोणाही एकाला 20 ची इजा करतो. पूर्वी पिछाडीवरील म्यूटूला बसलेला असा ओरखडा मी मोजीतही नसे. आता तोच ओरखडा म्हणजे त्याच्या नावाची नोंद झाली. ग्रेनिंजाच्या पत्त्यावरील एक अक्षर बदलले नव्हते, तरी त्याचे मोल बदलले. सायरस प्रतिपक्षाच्या हातात नसला तरी असेल या धास्तीने चाल बदलावी लागते, हा त्याचा अंमल तर प्रत्यक्ष खेळल्याहून मोठा.

मोलाचा असा उलटफेर जुन्या पत्त्यांतही असतो: सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत 10 रंगांची 120 पाने असतात आणि निम्म्या रंगांत आकड्यांची चढउतार उलटी असते, म्हणजे एका रंगात दहापुढे दुबळा असलेला एक्का दुसऱ्या रंगात दहाला मारतो. पण तेथे हा उलटफेर पहिल्यापासून सर्वांना ठाऊक असतो; या नव्या खेळात तो मध्येच फर्मान सुटल्यासारखा येतो, आणि झोप लागेपर्यंत मी आपले 20 पत्ते एकेक करून पुन्हा पारखीत होतो, ते त्यामुळेच. मला हा खेळ प्रिय झाला तो या फेरतपासणीमुळे.

28 फेब्रुवारीच्या पुढच्या संचात इरिडा आली. ज्यांच्या अंगी जल-ऊर्जा आहे अशा आपल्या प्रत्येक योद्ध्याची 40 ची जखम ती भरून काढते. नातीने लगोलग जलयोद्ध्यांचा संच बांधला. एका पाळीत असा साहाय्यक पत्ता एकच टाकता येतो, त्यामुळे सायरस टाकावा की इरिडा, यावर ती हल्ली बराच वेळ घेते, आणि मी तिला घाई करीत नाही.

माझ्या संचात आता सायरस दोन आहेत. त्यांच्यासाठी एक सब्रीना आणि एक रेड कार्ड काढावे लागले. म्यूटू पिछाडीसच बसतो, पण अंगावर ओरखडाही नसलेला, आणि चारही ऊर्जा जमल्याखेरीज मी त्याला पुढे आणीत नाही.