उतरलेली बॅटरी आणि सव्यभिचारी हेतु

घरांत एखादी गोष्ट बिघडली कीं जी वस्तु प्रथम डोळ्यांपुढें येते तिच्याच माथीं दोष मारण्याची मनुष्यास खोड आहे. न्यायशास्त्रानें ह्या घाईचा विचार फार पूर्वींच करून ठेविला आहे. 'पर्वतावर अग्नि आहे, कारण तेथें धूर दिसतो' हें अनुमान बरोबर. परंतु 'तेथें धूर आहे, कारण अग्नि आहे' हें चुकीचें, कां कीं तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असून धूर नसतो. असा हेतु सव्यभिचारी, म्हणजे साध्य नसलेल्या ठिकाणींहि सांपडणारा. पाठशाळेंतला हा दाखला आम्हांस गेल्या वर्षीं कळव्यांत एका जुन्या ट्रॅक्टरापाशीं उपयोगीं पडला, तो वाचकांस सांगावासा वाटतो.

कळव्याच्या खाडीकांठचीं भातखाचरें आतां बहुतेक इमारतींखालीं गेलीं. तरी पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशीं राहणाऱ्या कांहीं जुन्या कुटुंबांनीं शेती सोडलेली नाहीं. आमच्या शेजारीं असेंच एक एकत्र कुटुंब आहे. दोघे भाऊ, दोघेहि आमचे विद्यार्थी. मुरबाडकडे त्यांची थोडी जमीन आणि घरीं वडिलांच्या हातचा एक ट्रॅक्टर. चिखलणीचे दिवस तोंडावर आले असतां तो सकाळीं सुरू होईना. नवी बॅटरी आणली, ती महिन्यांत उतरली. दुसरी आणली, तिचीहि तीच गत. धाकटा म्हणे, "गुरुजी, दादा रात्रीं दिवे लावून काम करतो, त्यानेंच बॅटरी मरते." थोरला म्हणे, "गुरुजी, ह्यानें पैसे वांचवायला हलकी बॅटरी आणली." बोलणें ट्रॅक्टर विकण्यापर्यंत आणि तेथून वांटणीपर्यंत गेलें. त्यांच्या मातोश्री आमच्या घरीं येऊन बसल्या, त्या कांहीं बोलेचनात.

यंत्रविद्या आमची नव्हे. परंतु खारेगावांतील एका वृद्ध मिस्त्रींची हयात ह्या कामांत गेली आहे. त्यांस आम्हीं बोलावून आणलें. ते म्हणाले, "मास्तर, बॅटरी म्हणजे रांजण. रांजण रिता झाला म्हणून तो फुटका कशावरून? आधीं पाणी भरतें कोण, तें पाहूं."

हें पाणी भरणारें यंत्र म्हणजे डायनामो. चुंबक आणि तारेचें वेटोळें यांच्या सापेक्ष गतीनें वीज उत्पन्न होते, हें मायकेल फॅरेडे यांनीं १८३१ सालीं दाखविलें; डायनामो त्याच तत्त्वावर चालतो. महिंद्र कंपनीनें अमेरिकन सहकार्यानें १९६३ सालीं ट्रॅक्टरांचा उद्योग आरंभिला, त्या काळच्या ट्रॅक्टरांवर डायनामोच असत. पुढें त्यांची जागा अल्टर्नेटरानें घेतली. ह्यांत एक गंमत आहे. डिझेल एंजिनास चालूं राहावयास वीज लागत नाहीं. दाबानें तापलेल्या हवेंत तेल आपोआप पेटतें. वीज लागते ती सुरू करतांना आणि दिव्यांना. म्हणून भरणा बंद पडला तरी दिवसभर नांगर चालतो आणि दोष झांकून राहतो.

मिस्त्रींनीं एकही वस्तु न बदलतां क्रमानें तपासणी केली. प्रथम बॅटरी बाहेरून भरून घेऊन कांहीं वेळ ठेविली, मीटर १२.६ व्होल्ट दाखवी व तो आंकडा टिकला. म्हणजे रांजण शाबूत. मग डायनामो फिरविणारा पट्टा दाबून पाहिला. तो ढिला नव्हता. नंतर डायनामोच्या दोन्ही तारा सोडून त्याचीं दोन टोकें एकत्र जोडलीं आणि मीटर सांगाड्यास लावून एंजिन हळूहळू वाढविलें. कांटा न थरथरतां २० व्होल्टांकडे चढला. तो अर्ध्याएक व्होल्टावर अडता तर चुंबकाच्या वेटोळ्यांत दोष, चारपांचांवर अडता तर फिरत्या आर्मेचरांत, आणि मुळींच न हलता तर कार्बनच्या ब्रशांत, असें त्यांनीं समजावून दिलें. येथें डायनामो निर्दोष ठरला.

राहिला मधला डबा. त्यांत कटआउट नांवाचें लहानसें दार असतें. डायनामोचा दाब सुमारें १३ व्होल्ट झाला कीं तें मिटून वीज बॅटरीकडे जाऊं देतें, आणि एंजिन मंदावलें कीं उघडतें. नाहीं तर बॅटरीच उलट डायनामोंत रिकामी होईल. हें दार मिटविणाऱ्या वेटोळ्यास सांगाड्याशीं जोडणारा एक स्क्रू असतो. खाडीच्या खाऱ्या हवेनें तो गंजला होता. संबंध कधीं जुळे, कधीं तुटे. तुटला कीं दार मिटेना. मिस्त्रींनीं स्क्रू काढला, खालचें लोखंड पॉलिश कागदानें घांसून उजळ केलें आणि स्क्रू पुन्हां आवळला. एंजिन वाढवितांच मापकाचा कांटा भरण्याच्या बाजूस कलला. दोन बॅटऱ्यांची किंमत वायां गेली होती. उपायास पै पडली नाहीं.

दोघे भाऊ खालीं मान घालून उभे होते. बॅटरी उतरते, म्हणून ती हलकी. बॅटरी उतरते, म्हणून दादा उधळ्या. दोन्ही अनुमानांचा हेतु एकच आणि दोन्हींकडे सव्यभिचारी. चांगली बॅटरीहि उतरते आणि जपून वापरलेलीहि उतरते, भरणा तुटला असला म्हणजे. चिखलणी त्यांनीं एकत्रच केली, आणि जमीन आजहि एकत्र आहे.

सुज्ञ वाचकांनो, मोठ्या घरांतून अशी एक व्यक्ति बहुधा असतेच, जिच्यापासून सर्वांनीं घ्यावें. ती पहांटे उठते, सर्वांचें करते, आणि एके दिवशीं तिचा स्वर चढतो किंवा हात थांबतात. लगेच आपण म्हणतों, हिचा स्वभावच वाईट. अशा वेळीं स्वभावावर शिक्का मारण्यापूर्वीं एवढें विचारावें कीं, हिच्याकडून सर्वांनीं घेतलें. हिला परत भरून देणारा धागा कोठें गंजला आहे काय? तो बहुधा लहानसाच असतो, आणि घांसून उजळ करण्यास खर्चहि येत नाहीं.