आधी गळती, मग रंग

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी एकच वाद चालू होता. गावचे कौलारू घर पाडायचे की राखायचे? धाकटा भाऊ म्हणे, "दादा, वाशांना वाळवी लागली, भिंतीत पाणी मुरले. पाडू या आणि स्लॅब घालू या." मलाही ते पटत आले होते.

त्याच सुमारास कामानिमित्त मुंबईला जाणे झाले. सायंकाळी गिरगाव चौपाटीवर वारा खाल्ला आणि तिथून जवळच असलेल्या रॉयल ऑपेरा हाऊसकडे पाय वळले. वडील गिरणीत असताना पगार झाला की तिथे सिनेमा पाहत. त्यांच्या तोंडून हे नाव लहानपणी कितीदा तरी ऐकले होते.

१९११ साली बादशहा पंचम जॉर्ज यांच्या हस्ते या नाट्यगृहाचे उद्घाटन झाले. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, पृथ्वीराज कपूर येथे रंगले. पुढे सिनेमा आला. १९५२ मध्ये गोंडलच्या महाराजांनी ही वास्तू विकत घेतली. प्रेक्षक आटले आणि १९९३ मध्ये दारे बंद झाली. पाऊस आणि समुद्राची खारी हवा मात्र आत शिरतच राहिली. पण मालकांनी इमारत पाडली नाही. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली दुरुस्ती होऊन २०१६ मध्ये पडदा पुन्हा उघडला. २०१७ मध्ये युनेस्कोनेही तिचा गौरव केला.

आत सोनेरी नक्षी झळकत होती. तिथल्या एका गृहस्थांना सहज विचारले, तर ते म्हणाले, "साहेब, हे सगळे शेवटचे. आधी गळती थांबवली, कमकुवत झालेले भाग पक्के केले. मग जुने फोटो पाहून मूळ रूप आणले."

मी ओशाळलो. बांध फुटला तर आधी पाणी कुठून येते ते पाहा, असे शेतकऱ्यांना मी तीस वर्षे सांगत आलो. स्वतःच्या घराचे मात्र पाहिलेच नव्हते!

गावी येताच दोघे भाऊ शिडी लावून वर चढलो. चोवीस वाशांपैकी सातच किडलेले निघाले. भिंतीतले पाणी मागच्या फुटक्या पन्हळीचे होते. प्रत्येक जुने घर वाचेलच असे नाही. पण आमचे वाचण्याजोगे होते.

यंदाच्या पावसात आई पडवीत बसून तांदूळ निवडत होती. गळतीखाली पातेले मांडण्याची वेळ तिच्यावर एकदाही आली नाही.