जिथे सूर्य रात्री अकरानंतर मावळतो

आइसलंडला जाण्याचा विषय घरात निघाला, तेव्हा तिकिटाआधी सासूबाईंचा प्रश्न आला : “तिथे सूर्य मावळतो केव्हा?” त्यांचा चौविहार कित्येक वर्षांत चुकलेला नाही. त्या एका प्रश्नाने सहलीची सारी आखणी घडली.

हे बेट उत्तर ध्रुववृत्तालगतचे. राजधानी रेक्याविक येथे डिसेंबरच्या उत्तरार्धात दिवस जेमतेम चार तासांचा, तर जूनच्या उत्तरार्धात सूर्य मध्यरात्री मावळून तीनच्या सुमारास पुन्हा उगवतो. दिवाळीत दुकान सोडता येत नाही. म्हणून मुलांच्या सुट्टीतली मेअखेर ठरली. तेव्हा तिथे सूर्यास्त रात्री अकरानंतर. “मग जेवणाची चिंताच मिटली!” धाकटा म्हणाला. सासूबाई हसल्या. “सूर्य जागा आहे म्हणून आपण रात्रीपर्यंत ताटावर बसायचे का रे? व्रत संयमासाठी असते. घरच्यासारखेच, सात वाजले की ताट उचलायचे.” मुलांची झोपही याच नियमाने सावरेल, हे मला मागाहून उमगले. आता बेत असा, की साडेआठला जाड पडदे ओढायचे.

बेटाला वळसा घालणारा महामार्ग सुमारे १३०० किलोमीटरांचा. तो मोह आम्ही सोडला. रोज नवे गाव म्हणजे रोज उशिरा पोहोचणे आणि जेवणाची वेळ चुकणे. त्याऐवजी स्वयंपाकघर असलेले एकच घर घेणार आहोत. शिदोरीत मुगाची डाळ, खाखरे, मेतकूट. टोमॅटो-काकडी तिथलीच, भूगर्भातील उष्णतेवर काचगृहांत पिकणारी. खाद्यपदार्थ नेण्याचे नियम मात्र आधी वाचावेत.

पाहायचे थोडेच. थिंगव्हेलिर, जिथे इ.स. ९३० मध्ये लोकसभा भरू लागली आणि जिथे भूकवचाचे दोन खंड वर्षाला सुमारे दोन सेंटीमीटर दूर सरकतात, दर काही मिनिटांनी उसळणारा स्ट्रोक्कुर हा उष्ण झरा, गुल्फॉस धबधबा. रेनिसफ्यारा या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर अचानक मोठी लाट आत येते. तिथे मुलांचा हात सोडायचा नाही. १३५ सेंटीमीटरहून कमी उंचीच्या मुलांना गाडीत सुरक्षा-आसन सक्तीचे, तेही आधीच सांगून ठेवले आहे.

सामानाची यादी अजून अपुरी आहे. सासूबाईंच्या पिशवीत मात्र पहिली वस्तू गेली आहे : देवघराशेजारचे गजराचे घड्याळ.