नख अडकतं तिथे

जुनी गाडी दुरुस्तीला आली की मालक आधी टाकीच्या रंगाबद्दल बोलतो. मी खाली बसतो आणि पुढच्या शॉकअपच्या पाईपवरून अंगठ्याचं नख फिरवतो. कोकणातल्या पडवीत वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या आरएक्स १०० ला ते हमखास अडकतं, डस्ट सीलच्या जरा वर. ही मोटरसायकल बनणं १९९६ साली बंद झालं, म्हणजे सगळ्यात धाकटीनंही बरेच पावसाळे पाहिलेत. खाऱ्या दमट हवेनं क्रोम फुटतं आणि खालचं पोलाद गंजतं. डोळ्याला नुसता ठिपका दिसतो, पण सीलच्या नाजूक ओठाला तो करवतीचा दात असतो.

म्हणून शॉकअप गळतो म्हटल्यावर थेट नवीन सील ठोकणं मला पटत नाही. खड्डा तसाच राहिला तर नवीन सीलही तोच खड्डा फाडणार. बारीक गंज असेल तर तेलात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरनं कडा मोडता येतात. खोल असेल तर पाईप घासून पुन्हा हार्ड क्रोम करून घ्यायचा आणि मूळ मापाला ग्राइंड करायचा. चकचकीत शोभेचं क्रोम इथे टिकत नाही.

पाईप वाकलेला असेल तर? व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजखाली फिरवला की कळतं. गेज नसेल तर जाड काचेवर लोळवा, फट दिसते. प्रेसवर सरळ करून देणारे पुष्कळ आहेत. कंपन्यांची मॅन्युअलं मात्र असा पाईप वापरू नका म्हणतात आणि मी त्यांच्याच बाजूचा. पुढचं चाक याच दोन नळ्यांवर उभं असतं.

शॉकअप खोलताना सगळ्यांना छळतो तो बाटलीच्या, म्हणजे पाईप ज्यात सरकतो त्या खालच्या नळीच्या, तळाचा ॲलन बोल्ट. तो फिरवला की आतली डॅम्परची दांडीही त्याच्याबरोबर गरगर फिरते. यासाठी स्प्रिंग आणि वरचं झाकण लगेच काढू नये. शॉकअप म्हणजेच फोर्क दाबून धरला की स्प्रिंगच्या जोरानं दांडी धरली जाते आणि बोल्ट सुटतो. झाकण नंतर, तेही हातानं दाबून आणि तोंड बाजूला ठेवून, कारण स्प्रिंग ते उडवते. परत बसवताना बोल्टखाली नवीन तांब्याचा वॉशर हवाच.

मग तेल. करडं, चमचमतं तेल निघालं तर ॲल्युमिनियमची बाटली आतून झिजते आहे. मला या कामात सगळ्यात आवडते ती डॅम्परची दांडी. तिला बारीक भोकं असतात, खड्ड्यात चाक वर-खाली झालं की तेल त्यांतून जबरदस्तीनं ढकललं जातं आणि स्प्रिंगचं उसळणं आवरतं. बीएमडब्ल्यूनं १९३५ मध्ये आर १२ वर तेलाचं डॅम्पिंग असलेला असा फोर्क आणला. नव्वद वर्षांनंतरही साध्या गाड्यांत तीच युक्ती चालते. त्यामुळे 'गाडी कडक पाहिजे' म्हणून इंजिन ऑइल ओतणं म्हणजे त्या भोकांचं गणितच मोडणं. मॅन्युअलमधला ग्रेड घ्यावा आणि फोर्कच्या दोन्ही पायांत मोजपात्रानं सारखं माप भरावं. जास्त भरलं तर वरची हवा दाबायला जागा उरत नाही आणि सीलवर ताण येतो.

शेवटी एक्सल घट्ट करण्याआधी गाडी स्टँडवरून उतरवावी, पुढचा ब्रेक धरून हँडल चार-सहा वेळा दाबावं. दोन्ही पाय आपापल्या रेषेत बसतात, मग पाना लावावा. आणि पहिल्या काही शे किलोमीटरनंतर ते तेल काढून नवीन भरावं. कोपऱ्यात राहिलेली जुनी घाण तोवर त्यात उतरलेली असते.