संघाचे गाव

नोकरीनिमित्त मी जालना सोडून पुण्यास गेलो ते २०१४ साली. त्याच वर्षी इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि एफसी पुणे सिटी हा संघ जन्मास आला. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात मी फुटबॉलचा सामना प्रथम पाहिला. खेळातले बारकावे कळत नव्हते. पण अनोळखी माणसांच्या गर्दीत घसा बसेपर्यंत ओरडताना, या शहराशी आपलेही काही नाते आहे, असे पहिल्यांदाच वाटले. तो संघ आणि मी, दोघेही पुण्यात नवखेच होतो.

२०१९ मध्ये तो संघ बंद झाला आणि लीगमधील त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाला मिळाली. तोवर मीही जालन्यास परतलो होतो. काही खेळाडू तेच होते. शिवाय १९४८ पर्यंत आमचा मराठवाडा हैदराबाद संस्थानातच होता. मग या संघाला आपला म्हणण्यास अडचण कोणती? तरीही मन तयार होईना.

हैदराबाद फुटबॉलला परके नव्हते. हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला होता. त्याचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ व १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले. नवा संघ पहिल्या हंगामात तळाशी राहिला आणि मार्च २०२२ मध्ये विजेता ठरला. मात्र महासाथीमुळे त्या हंगामाचे सामने गोव्यात झाले; संघाच्या भरभराटीचे दिवस त्याच्या गावाने दूरचित्रवाणीवर पाहिले. पुढे २०२५ मध्ये तो संघही दिल्लीला गेला.

याउलट कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशी तालमींचीच नावे संघांना आहेत. शाहू स्टेडियमवर संघ हरला तरी तो पेठेतच राहतो आणि हरलेला खेळाडू दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत भेटतो. जिव्हाळा अशा रोजच्या भेटीतून वाढतो.

म्हणजे स्थलांतरित संघाला आपली माणसे मिळतच नाहीत काय? इंग्लंडमधील विम्बल्डनचा संघ २००३ मध्ये मिल्टन कीन्स येथे नेण्यात आला. दुखावलेल्या समर्थकांनी २००२ मध्येच स्वतःचा संघ उभारला होता. ही हकीकत मी अनेकांना अभिमानाने सांगत असे; तिचा उत्तरार्ध मात्र टाळत असे. हललेला संघ मिल्टन कीन्समध्ये टिकून राहिला. २०१४ मध्ये त्याने मँचेस्टर युनायटेडला ४-० असे हरवले, तेव्हा तेथे पंचवीस हजारांहून अधिक प्रेक्षक होते. त्या गावात वाढलेल्या मुलांना दुसरा संघ ठाऊकच नसेल, तर त्यांच्या निष्ठेला खोटे म्हणणारा मी कोण?

जालन्याच्या पोलाद कारखान्यांत उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले अनेक कामगार आहेत. आमच्या शेजारी असेच एक कुटुंब राहते. त्यांच्या मुलाला मी एकदा विचारले, "तुझे गाव कोणते रे?" चेंडू काखेत धरून तो म्हणाला, "जालनाच की, काका. ते दुसरं गाव बाबांचं."

त्याचे वडील येथे येऊन बारा वर्षे झाली आहेत. पुण्याच्या संघाला पाचच वर्षे मिळाली होती.