चैत्रातली जमीन

होळी झाली की भीमाशंकरच्या खालच्या वाड्यांवर जमिनी करायला घेतात. पावसाळ्यात माती वाळत नाही, थंडीत फार रेंगाळते, आणि वैशाखाच्या उन्हात इतक्या झपाट्यानं वाळते की सगळी तडकते. फाल्गुनाचा शेवट आणि चैत्र हेच तिचे दिवस. मी हे काम सासूबाईंच्या हाताखाली शिकले. आता वाडीत कुणाचं नवं घर उभं राहिलं की मला बोलावणं येतं. यंदा जमीन आमच्याच घराची होती.

सासऱ्यांचं जुनं घर कारवीच्या कुडाचं. त्यात तीन भावांचे संसार मावेनात, म्हणून आम्ही वेगळी चूल मांडायचं ठरवलं. घरकुल मंजूर झालं. योजनेत घर किमान 25 चौरस मीटर धरतात, म्हणजे 269 चौरस फूट. तेवढ्यात स्वयंपाक, आम्ही दोघं, दोन वर्षांची लेक आणि भाताची कणगी. भिंती विटांच्या, वर पत्रा, आत कोबा. पडवी आणि पुढचं खळं मात्र त्या मापाच्या बाहेरचं, आमचं आम्ही करायचं.

घर कुठं बांधायचं यावरच जास्त दिवस गेले. 30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलंच माळीण डोंगराखाली गाडलं गेलं, 151 माणसं गेली. तेव्हापासून या खोऱ्यात घराची जागा बघताना आधी वरचा डोंगर बघतात. माळीणच्या लोकांना आमडे इथं नवी घरं मिळाली ती 2 एप्रिल 2017 ला, चैत्रातच. उतार कापून सपाट केलेल्या जागेवर घर नको, हे सासऱ्यांनी लावून धरलं. लांबचं, पण खडकावरचं टेपाड निवडलं. घराच्या मागं पाण्याला वाट देणारा खोल चर आधी खणला, पाया नंतर. इकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, तेव्हा पाण्यानं कुठून जायचं ते आपणच ठरवून दिलेलं बरं.

कोब्याच्या वेळी थोडं सिमेंट उरलं होतं. ‘पडवी आणि खळंही करून टाकू, तुझी कायमची कटकट मिटेल,’ असं लेकीचे बाबा म्हणाले. त्यांनी माझ्या गुडघ्यांचा विचार केला होता. मी नको म्हटलं, कारण समोर हिरड्याचा हंगाम होता. त्याचं पुढं सांगते.

जमीन करायची म्हणजे आधी वरची भुसभुशीत माती काढून टाकायची, मुळ्या आणि दगड वेचायचे, मुरमाचा थर द्यायचा आणि पाणी मारून तो लाकडी चोपण्यानं चोपायचा. मुरूम नीट बसला नाही तर वरचं सगळं काम वाया. त्यावर तांबडी माती. आमच्याकडं तिच्यात सोडलेल्या वारुळाची माती मिसळतात. वाळवीनं ती इतकी बारीक आणि चिकट केलेली असते की चाळावी लागत नाही. भाताचं तूस घालून ती रात्रभर भिजवायची. या दिवसांत हंडा लांबून डोक्यावर आणावा लागतो. डिंभे धरणाचं पाणी खाली चमकताना दिसतं, पण ते खालीच असतं. म्हणून तांदळाचं धुवण, भांड्यांचं दुसरं पाणी, लेकीच्या आंघोळीचं पाणी, सगळं मातीच्या आळ्यात जातं.

माती पसरली की खरं काम वाट बघण्याचं. लगेच चोपली तर ती चोपण्याला चिकटून उचलली जाते, उशीर झाला तर चोपणं टणटण वाजतं आणि माती बसत नाही. अंगठा दाबून बघायचा. ठसा उमटला आणि अंगठा कोरडा निघाला की वेळ झाली. ही वेळ उन्हात आणि सावलीत वेगळी येते, पडवीच्या एकाच कोपऱ्यात भिंतीलगत आणि उंबऱ्याशीसुद्धा वेगळी येते. सासूबाई दारात बसून एवढंच म्हणायच्या, ‘घाई नको गं, वरची ओल बसू दे.’ लेक पडवीच्या वाशाला बांधलेल्या झोळीत झोपलेली असायची. ती उठायच्या आत एक पट्टा चोपून व्हायचा. ती उठली की मी थांबायची. तेवढ्यात पुढचा पट्टा अंगठ्याला यायचा. लेकराची झोप आणि मातीची ओल यांचा मेळ बसला की दिवस चांगला जातो, हे पोरांच्या आया समजतील.

चोपल्यावरही बारीक भेगा पडतात. त्या पडू द्यायच्या. पहिल्या दिवशी बुजवल्या तर शेजारी दुसऱ्या पडतात. माती आवळून झाली, भेग रुंद व्हायची थांबली, की मगच मातीचा पातळ काला भरायचा आणि गुळगुळीत गोट्यानं घोटायचं.

मग सारवण. शेण ताजं हवं, आणि ते या दिवसांतलंच सरस. पावसाळ्यात गुरं कोवळं गवत खातात, शेण पातळ पडतं, त्यात धागा नसतो. चैत्रात गुरं भाताचा पेंढा आणि वाळलं गवत खातात, त्या शेणात बारीक तंतू भरपूर. तेच मातीला धरून ठेवतात. पहिला हात शेणात माती कालवून, पुढचे नुसत्या शेणाचे. आतल्या कोपऱ्यापासून उंबऱ्याकडं मागं मागं सरकत यायचं. तळवा सपाट ठेवून अर्धगोल फिरवायचा, प्रत्येक गोल आधीच्या गोलाच्या काठावर चढला पाहिजे. हात जड पडला तर काठाला वरवंडा राहतो, हलका पडला तर खालची माती दिसते. तळव्याखाली एखादा खडा आला तर तो तिथंच काढायचा, कारण वाळल्यावर तो निघताना खपली घेऊन निघतो. वाडीतल्या कुठल्याही घरात गेले तर त्या अर्धगोलांवरून हात कुणाचा ते मला सांगता येतं. माझ्या सासूबाईंचे गोल लहान, एकसारखे. माझे लांब.

पाडव्याला गुढी उभारली ती त्याच पडवीपुढं. त्यानंतर घराला रोजची लय आली. पहाटे पाणी, मग चूल, नाचणीच्या भाकरी, लेकीला दुसऱ्या भाकरीचा पापुद्रा. दुपारी ती पडवीत खेळते. टेपाडाखाली आंबा आणि ऐन एकमेकांत गेलेत, त्यावर शेकरू येते. भीमाशंकरचं अभयारण्य 1985 साली जाहीर झालं ते मुख्यतः हिच्यासाठीच. एकटी शेकरू काटक्या-पानांची अनेक घरटी बांधते आणि पिलांसाठी त्यातलं एखादंच वापरते. आमची लेक तिला बघून टाळ्या पिटते, आणि ती खेकसल्यासारखं ओरडून शेंड्याकडं पळते.

आता हिरडा. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळ्यांच्या घरात वर्षाचा रोख पैसा येतो तो मोठ्या प्रमाणात बाळहिरड्यातून. भात खायला, हिरडा विकायला. कोवळी फळं झोडून-वेचून आणायची आणि काळी, कडक होईपर्यंत वाळवायची. जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात या भागातली कितीतरी हिरड्याची झाडं उन्मळली. नवं झाड फळाला यायला बरीच वर्षं जातात. म्हणून हाती येतो तो हिरडा बुरशीला घालवणं आता परवडत नाही. ताडपत्रीवर पसरला तर खालून घाम धरतो, दर तासाला परतावा लागतो. सारवलेली जमीन ती ओल ओढून घेते आणि वरच्या उन्हात सोडून देते. शिवाय एक पोतं हिरडा पसरला, गोळा केला, की शेणाचा एक हात द्यायचा, खळं पुन्हा नवं. कोब्याला तडा गेला तर गवंडी येईपर्यंत तडाच.

हंगामाची पहिली पाटी आमच्या खळ्यावर पसरली तेव्हा लेकीचे बाबा अनवाणी तिच्यात पाय फिरवत हिरडा परतत होते. ‘राहू दे मातीचं,’ म्हणाले. पुढच्या वाराला शेण त्यांनीच कालवून दिलं.

सारवण बायकांच्या गुडघ्यांवर आणि कमरेवर पडतं, हे खरं आहे, आणि ज्या घरात करणारं माणूस नाही तिथं कोबाच बरा. झोपायची खोली, न्हाणी, स्वयंपाकाची जागा सिमेंटची असावी, असंच माझंही मत आहे. माझं मागणं खळ्यापुरतं आहे. ज्यांची घरकुलं यंदा पुरी होतायत त्यांनी उरलेलं सिमेंट न्हाणीला लावावं, मागच्या चराच्या काठाला लावावं. खळं एक हंगाम मातीचं ठेवून बघा. जमीन करायला हात कमी पडले तर सांगा, मी येईन. फक्त वैशाख लागायच्या आत बोलवा.