प्रिंटरचा पत्ता

ऑफिसात कुणाचं चालतं हे खुर्चीवरून कळत नाही. प्रिंटरची यूएसबी वायर कुणाच्या कॉम्प्युटरला गेलीय ते बघावं.

मी कंत्राटी ऑपरेटर होते त्या कार्यालयात ती हेडक्लार्कच्या टेबलावर जायची. प्रिंटर त्यांच्याच कॉम्प्युटरवरून 'शेअर' केलेला. तो कॉम्प्युटर चालू असेल तरच बाकी सगळ्यांचे प्रिंट निघायचे. ते रजेवर गेले की कॉम्प्युटर बंद, पासवर्ड त्यांच्याकडे. खिडकीपाशी दाखल्यासाठी थांबलेल्या माणसाला मग एकच उत्तर, "उद्या या." तो माणूस मजुरी बुडवून एसटीने आलेला. त्याचा दाखला माझ्या स्क्रीनवर तयार असायचा, फक्त कागदावर उतरत नसायचा. हेडक्लार्क वाईट नव्हते. रजेच्या दिवशी फोन तर त्यांनाच यायचे.

प्रिंटरच्या मागे लॅनचं पोर्ट पहिल्यापासून होतं, धूळ खात. भिंतीवरच्या स्विचमध्येही जागा रिकामी होती. साहेबांना विचारून केबल जोडली, हिरवा दिवा लुकलुकला.

पण नुसत्या केबलने भागत नाही, प्रिंटरला पत्ता लागतो. मेनूत जाऊन नेटवर्क कॉन्फिगरेशनचं पान छापायचं. त्यावरचा आयपी १६९.२५४ने सुरू झाला, तर समजावं की राऊटरने काही दिलेलं नाही, यानेच मनाने नंबर घेतलाय. राऊटरने दिलेला पत्ताही पुढे बदलू शकतो. मग सगळे कॉम्प्युटर जुन्याच घरी कागद पाठवत बसतात. म्हणून प्रिंटरच्या मॅक अ‍ॅड्रेसवर राऊटरमध्ये एक आयपी राखून ठेवायचा आणि प्रत्येक कॉम्प्युटरवर प्रिंटर त्याच आयपीने जोडायचा. आम्हा कंत्राटींच्या डोळ्यांदेखत तो प्रिंटर असा कायम झाला!

गंमत म्हणजे या वायरचा जन्मच अशा गरजेतून झालाय. आपण फोटोकॉपीला ज्या कंपनीचं नाव देतो, त्या झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रात १९७३ साली बॉब मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली. तिथले अल्टो कॉम्प्युटर एकमेकांना आणि नव्या लेझर प्रिंटरला जोडायचे होते. प्रिंटर एक, माणसं अनेक. प्रश्न वाटून घेण्याचाच होता.

आमच्याकडे वाटून घेतल्यावर हेडक्लार्क दोन दिवस गप्प होते. दिवसभर त्यांच्या टेबलाशी "भाऊ, तेवढी प्रिंट" म्हणत येणारे लोक येईनासे झाले. कामाचा त्रास कमी होतो तेव्हा थोडा मानही कमी होतो, हे त्यांच्याकडे बघून कळलं. पुढच्या महिन्यात ते मुलीला घेऊन चार दिवस कोल्हापूरला जाऊन आले. एकही फोन गेला नाही.

माझं कंत्राट ११ महिन्यांचं होतं. शेवटच्या आठवड्यात मी प्रिंटरचा आयपी कागदाच्या पट्टीवर लिहून त्याच्या अंगावर चिकटवला, वरून सेलोटेप लावली. नव्या ऑपरेटरला तो कुणाकडे मागायला लागू नये.